उलाढाल मोठी की नफा?

जॉब ऑफर आली की मित्रमंडळी आधी विचारतात, 'कंपनी केवढी मोठी आहे?' मी विचारते, मोठी म्हणजे कशात? जानेवारी २०२४ला संपलेल्या वर्षात वॉलमार्टची उलाढाल होती सुमारे ६४८ अब्ज डॉलर, निव्वळ नफा फक्त १५.५ अब्ज. अ‍ॅपलची २०२३ची उलाढाल ३८३ अब्ज, नफा मात्र तब्बल ९७ अब्ज! म्हणजे १०० डॉलरमागे अ‍ॅपलला २५ उरले, वॉलमार्टला जेमतेम अडीच. किराणा स्वस्तात विकायचा, तर मार्जिन बारीकच राहणार. अशा धंद्यात खर्च जरासा वाढला, तरी नफा आटतो. मग पगारवाढ कुठून येणार? आम्हा फ्रीलान्सर मंडळींना हे पाठच असतं : बिल कितीचं लावलं यापेक्षा हातात काय उरलं ते महत्त्वाचं. तेव्हा बॉस, सही करण्याआधी कंपनीचं नफा-तोटा पत्रक वाचाच!