वाईनला कुंपण, कापसाला मोकळे रान



हे मावळातल्या नवलाख उंबऱ्याहून लिहितो आहे. आमच्याकडे भाताची खाचरे, तुमच्याकडे कोरडवाहू काळी. पण खाचरांना लागून तळेगावची एमआयडीसी आली आणि लोणावळ्याची हॉटेले तर जवळच. तिथे पाहुण्यापुढे इटलीची लाल वाईन ठेवतात. वाढपी बाटली दाखवतो, गावाचे नाव सांगतो, घराण्याचे नाव सांगतो, द्राक्ष कोणत्या साली तोडले तेही सांगतो. आपला कापूस जगभर अंगावर वागवला जातो. त्यावर यवतमाळचे किंवा परभणीचे नाव कुणी कधी वाचले आहे काय?

इटलीच्या शेतकऱ्याला हे नाव देवाने दिले नाही. तोस्काना प्रांतात किआंती नावाची वाईन होते. तिच्या मुलखाच्या सीमा तिथल्या राजाने १७१६ साली जाहीर केल्या. १९२४ साली ३३ उत्पादकांनी एकत्र येऊन नाव राखण्यासाठी आपला संघ काढला. माल आपला, नाव आपले, तर दार कुणाचे, हा प्रश्न त्यांनी सोडवला.

पण ‘पिढीजात घराण्याची वाईन’ म्हणून उगीच भारावून जाऊ नका. त्या वाड्यांखालच्या जमिनी शेकडो वर्षे अर्धेलीने कसल्या गेल्या. कसणाऱ्याचे अर्धे पीक मालकाच्या तळघरात जात होते. नव्याने अर्धेलीचे करार करण्यावर इटलीत कायद्याने बंदी आली ती थेट १९६४ साली. बाटलीवर नाव मालकाचे आले, अर्धेलकऱ्याचे नाही. हे ध्यानात ठेवा.

आता इटली सोडा, अकलूजला या. सोलापूर जिल्हा म्हणजे मालदांडीचा जिल्हा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. याच जिल्ह्यात २००७ साली तीन घरांच्या भावांनी मिळून वाईनचा उद्योग उभा केला : इटलीचे सेच्ची, दिल्लीकडचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. नाव ‘फ्रातेल्ली’, म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. तोस्कानाचा जाणकार पिएरो मासी आला, तिकडची सांजोव्हेसे जातीची द्राक्षे सोलापूरच्या मातीत लागली. त्यांचे कौतुकच आहे. शेतात पिकवायचे, शेतावरच माल तयार करायचा, आपल्या नावाने विकायचा, हेच तर आपण सांगत आलो. आमचे भांडण बाटलीशी नाही. भांडण सरकारच्या दोन मापांशी आहे.

पहिले माप पाहा. २००१ साली महाराष्ट्राने द्राक्षप्रक्रिया धोरण आणले. इथल्या द्राक्षांच्या वाईनला उत्पादन शुल्क माफ झाले. विंचूर आणि पलूसला वाईन पार्क निघाले. पुढे २० टक्के व्हॅटमधले १६ टक्के कारखान्याला परत देण्याची योजना झाली. २७ जानेवारी २०२२ रोजी मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला आणि तो वादात अडकला. प्रत्येक वेळी नाव घेतले शेतकऱ्याचे. पण २००८-०९ मध्ये वाईनचा बाजार पडला तेव्हा नाशिककडे वाईनच्या द्राक्षांना गिऱ्हाईक राहिले नाही आणि बागा उपटाव्या लागल्या त्या शेतकऱ्यांनाच.

ज्वारीचेही तसेच. २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे १० रुपये द्यायचे ठरले. सांगितले काय, तर पावसाने काळ्या पडलेल्या ज्वारीला भाव मिळेल. अनुदान मोजले लिटरवर. क्विंटलवर का नाही मोजले? लिटर कारखान्यात भरतो, क्विंटल खळ्यात भरतो, म्हणून!

आता दुसरे माप. परदेशी वाईनवर वर्षानुवर्षे १५० टक्के आयात शुल्क होते. ऑस्ट्रेलियाशी केलेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्यातही पाच डॉलरच्या आतली बाटली १५० टक्क्यांच्या कुंपणाबाहेरच ठेवली, कारण ती इथल्या मालाशी टक्कर देते. त्याच करारात ५१ हजार टन लांब धाग्याचा कापूस बिनशुल्क आत घेतला. जानेवारी २०२६ मध्ये युरोपशी बोलणी पुरी झाली. तिथेही वाईनचे शुल्क एका रात्रीत नव्हे, वर्षावर्षांच्या टप्प्यांनी उतरवायचे ठरले. कारखान्याला सावरायला वेळ हवा ना!

आणि कापसाला किती वेळ दिला? फेब्रुवारी २०२१ मध्ये आयातीवर ११ टक्के शुल्क बसवले. २०२२ साली काही महिने उठवले. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर केला, शेतकऱ्याने त्या भरवशावर पेरले आणि पऱ्हाटी शेतात उभी असताना १९ ऑगस्ट २०२५ पासून शुल्क शून्य! आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे वेचणीचा सगळा हंगाम. गिरणीला स्वस्त कापूस हवा असला की दार आत उघडते. आणि जगात भाव चढला की? ५ मार्च २०१२ रोजी निर्यातबंदी घातली होती, ती विसरू नका. त्याआधी १९७२ पासून जवळजवळ तीस वर्षे या राज्यात एकाधिकार खरेदी होती. आपला कापूस आपल्या मर्जीने शेजारच्या राज्यात नेला तर शेतकरी चोर ठरत होता.

काही बहिणी म्हणतील, दारूचे गुणगान कशाला? दारूने किती घरे बसली हे तुम्हांला सांगायची गरज नाही. गुणगान नाहीच. प्यायची की नाही हे घराघराने ठरवावे. ज्या मालाने घर बसते त्याला कुंपण, ज्या मालाने अंग झाकते त्याला मोकळे रान, एवढेच दाखवायचे आहे.

मग आपणही १५० टक्क्यांचे कुंपण मागायचे काय? नाही. कुंपणाच्या आत सावली नेहमी कारखानदारालाच मिळते. आपली मागणी साधी आहे. एक, आयात खुली तर निर्यातही कायम खुली. दोन, शुल्कात बदल करायचा तर पेरणीपूर्वी सांगा, पेरणी ते वेचणी त्याला हात लावू नका. तीन, सवलत द्यायचीच तर ती खळ्यावर मोजा, कारखान्याच्या टाकीवर नको. चार, गावात सरकी काढणारा, गाठी बांधणारा, ज्वारी दळून आपल्या गावाच्या नावाने विकणारा शेतकऱ्यांचा गट निघाला, तर वाईनच्या कारखान्याला जेवढी वाट मोकळी करून दिली तेवढीच त्याला द्या.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने कापसाच्या शेवटच्या विक्रीची पट्टी बरोबर आणा. शुल्क उठले त्या तारखेशेजारी आपला भाव लिहू. हिशेब मांडल्यावर भाषणाची गरज उरणार नाही.