अर्धवेळ झाडू, पूर्णवेळ अन्याय

"उद्यापासून येऊ नकोस." या तीन शब्दांत वीस-वीस वर्षांची नोकरी संपते. नोटीस नाही, चौकशी नाही, हिशेब नाही. कारण विचारावे तर साहेबांचे उत्तर तयार असते, "तू कुठे कायम होतीस? तू तर पार्टटाइम!" आपल्या वस्त्यांमधून पहाटे कचेऱ्या, बँका, शाळा आणि सोसायट्या झाडायला निघणाऱ्या आयाबहिणींना हे वाक्य नवे नाही. नवे आहे ते एवढेच, की देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने या वाक्यातली लबाडी उघडी पाडली आहे. आणि आपल्यापैकी फार थोड्यांना त्याची खबर आहे.

२० डिसेंबर २०२४ रोजी न्या. विक्रम नाथ आणि न्या. प्रसन्न वराळे (औरंगाबादच्या आपल्या विद्यापीठातून कायदा शिकलेले) यांच्या खंडपीठाने केंद्रीय जल आयोगाच्या विरोधात एक निकाल दिला. प्रकरण साधे होते. आयोगाच्या कार्यालयात काही बाया सफाईवाल्या म्हणून लागल्या होत्या, त्यातली पहिली १९९३ साली. त्यांच्याबरोबर एक माळीकाम करणाराही होता. झाडणे, पुसणे, धूळ झटकणे, बाग सांभाळणे, ही कामे वर्षानुवर्षे रोज चालू होती. कागदावर मात्र ते 'अर्धवेळ' आणि 'तात्पुरते'. २०१५ मध्ये त्यांनी कायम करा म्हणून प्रशासकीय न्यायाधिकरणाचे दार ठोठावले. २०१८ च्या एप्रिलमध्ये अर्ज फेटाळला गेला आणि त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला त्यांना कामावरून काढून टाकण्यात आले. कारणे दाखवा नोटीससुद्धा दिली नाही.

हा क्रम वाचकांनी नीट पाहावा. ज्यांनी वीस वर्षे तोंड उघडले नाही, त्यांची नोकरी वीस वर्षे टिकली. तोंड उघडले, हक्क मागितला, तेव्हा ती गेली. अचानक काढणे म्हणतात ते पुष्कळदा अचानक नसते. हक्क मागितल्याची ती शिक्षा असते.

दिल्ली उच्च न्यायालयानेही त्यांना परत पाठवले. हे अर्धवेळ आहेत, मंजूर पदांवर नाहीत, शैक्षणिक पात्रता नाही, असे सांगण्यात आले. झाडू मारायला कोणती पात्रता लागते? जातिव्यवस्थेने ती पात्रता आपल्याला जन्मतःच बहाल केली होती, तेव्हा प्रमाणपत्र कोणी मागितले नव्हते! झाडू हातात देताना शिक्षण विचारायचे नाही आणि पेन्शन देताना मात्र विचारायचे, हा न्याय कोणता? सर्वोच्च न्यायालयाने हे सारे बाजूला सारले. पदाला नाव काय दिले यापेक्षा काम कसले आहे, ते कायमचे आहे की नाही, हे पाहिले. या लोकांना काढल्यावर तेच काम बाहेरच्या एजन्सीला दिले गेले होते. म्हणजे कामाची गरज संपली नव्हती, हे सरकारनेच सिद्ध करून दिले. काढल्याचे आदेश रद्द झाले, सर्वांना कामावर घेऊन कायम करण्याचा हुकूम झाला.

आनंद जरूर मानावा, पण अर्धाच. मधल्या सहा वर्षांचा पगार मिळाला नाही. सेवा सलग धरली, निवृत्तीच्या लाभांसाठी ती मोजली जाईल, पण त्या सहा वर्षांत चूल कशी पेटली याची भरपाई कोणत्याही कागदात नाही.

या निकालापूर्वी अशा प्रत्येक कामगाराच्या तोंडावर २००६ चा उमादेवी निकाल फेकला जात असे. मागच्या दाराने भरलेल्यांना कायम करता येणार नाही, हा त्याचा आशय. वशिल्याच्या भरतीला आळा घालण्यासाठी तो ठीकच होता. पण त्याच निकालात मंजूर पदांवर दहा वर्षांहून अधिक काम केलेल्यांचा एकदा विचार करावा, असेही सांगितले होते. साहेब लोकांनी पहिला भाग पाठ केला आणि दुसरा विसरून गेले.

खाजगी कंपनी, बँक, विमा कचेरी यांच्यातल्या कामगारांसाठी रस्ता वेगळा आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम २५-एफ होते. वर्षात २४० दिवस भरलेल्याला काढायचे तर एक महिन्याची नोटीस किंवा त्याचा पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई. हे संरक्षण अर्धवेळवाल्यालाही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितले. ते प्रकरण एका सरकारी विमा कंपनीत झाडू मारणाऱ्या आणि पाणी भरणाऱ्या कामगाराचे होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. नोटीस आणि भरपाई कलम ७० मध्ये राहिली आहे. पण कारखान्यात कपातीसाठी सरकारची परवानगी घेण्याची अट शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली आणि एकट्या कामगाराने दाद मागण्याची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आणली. दिले ते जुनेच, घेतले ते नवीन.

खरी अडचण पुढेच आहे. २४० दिवस भरल्याचे सिद्ध कोणी करायचे? कामगाराने. हजेरीपट कोणाच्या कपाटात? मालकाच्या! मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढून ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयातून २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश मिळवला. त्यानंतरही अनेकांचे काम अडले, कारण एका कागदावर नाव एका स्पेलिंगने आणि दुसऱ्यावर दुसऱ्याने. ज्याला मुकादमाने कधी नावाने हाक मारली नाही, त्याच्या नावातली एक वेलांटी मात्र तपासली गेली. तरीही तिथे संघटना होती म्हणून २७०० माणसे उभी राहिली, हे विसरता येत नाही. १९३८ च्या ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष मुंबईच्या संपात उतरला होता. कामगार कायदा हा आपल्या चळवळीला परका विषय कधीच नव्हता. आपणच तो मधल्या काळात दुसऱ्यांच्या हवाली केला.

आपण आरक्षणासाठी मोर्चे काढतो, काढलेच पाहिजेत. पण चतुर्थश्रेणीचे पदच अर्धवेळ झाले, मग एजन्सीकडे गेले, तर बिंदुनामावली लावायची कशाला? सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने नऊ खाजगी एजन्सींमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला होता. ओरड झाली तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. त्या महिन्याभरात जी जाग आली होती, ती सफाईवाल्या बाईला 'उद्यापासून येऊ नकोस' म्हटले जाते तेव्हा का येत नाही? तिथेही एक पद मरत असते.

घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बाया तर या हिशेबातच नाहीत. घरकामाला नव्या संहितेने 'उद्योग' या व्याख्येतून बाहेरच ठेवले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला त्यांच्यासाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमण्यास सांगितले.

ज्यांना कायदा लागू आहे त्यांनी आजपासून एक वही घालावी. कामाची तारीख, वेळ, कोणी काम सांगितले, किती पैसे मिळाले. बँकेचे पासबुक, गेटपास, पीएफचा क्रमांक, मोबाईलवर साहेबांनी पाठवलेला निरोप, सारे जपून ठेवावे. राजीनाम्यावर किंवा कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये. "हिशेब पुरा झाला" असे लिहिलेला कागद शिकलेल्या मुलाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. आणि काढले गेलात तर साहेबांना दया येईल म्हणून वाट पाहत बसू नये. त्या दिवसापासून दोन वर्षे मोजली जाऊ लागतात.