गोचिडाचा पट्टा म्हणजे दागिना नव्हे!

ठाणे असो की डोंबिवली, कुत्र्याला गोचीड-पिसवा झाल्या की आपण दुकानातून औषधी पट्टा आणतो आणि बिनधास्त त्याच्या गळ्यात बांधतो. पण लक्षात ठेवा, हे महिनोन्‌महिने कातडीवर पसरत राहणारे कीटकनाशक आहे!

अमेरिकेत २०१२ ते २०२० या काळात ‘सेरेस्टो’ पट्ट्याबद्दल ७५,००० हून अधिक तक्रारी नोंदल्या गेल्या. त्यांत सुमारे १,७०० पाळीव प्राण्यांच्या मृत्यूच्या होत्या. तक्रार म्हणजे पुरावा नव्हे, हे खरे. २०२३ मध्ये तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने विक्री चालू ठेवली, पण अटी घालून. हे घडले, कारण लोकांनी कळवले. आपण मात्र ‘उष्णता झाली असेल’ म्हणून सोडून देतो!

मग गोचीड तसेच ठेवायचे? मुळीच नाही, गोचीडताप जीव घेतो. पण पट्टा दुकानदाराला नव्हे, पशुवैद्यांना विचारून निवडा; कुत्र्याचे वय, वजन, आजार त्यांना सांगा. कातडी लाल झाली, केस गळाले, उलट्या झाल्या तर पट्टा लगेच काढा, मान सौम्य साबणाने धुवा. थरथर किंवा झटके दिसले तर पट्टा काढून, वेष्टन घेऊन तडक दवाखाना गाठा. नंतर कंपनीला लेखी कळवा.

मुके जनावर बोलू शकत नाही, तुम्ही बोला!