काडीपेटीतली भूमिती
शेजारच्या चिमीचा ‘प्रकल्प’ परवा पाहिला: थर्माकोलचा, दुकानातून तयार आणलेला, पोरीचं त्यात फक्त नाव. मी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि गुल खरवडलेल्या काड्या तिच्यापुढे टाकल्या. ट्यूबने काड्या जोडून केलेला चौकोन लगेच कलंडला, त्रिकोण मात्र हटेना. ‘आजोबा, कंपनीच्या छपराला म्हणूनच त्रिकोण असतात?’ कारखान्यांच्या भोसरीतल्या पोरीला याहून मोठा धडा कुठला! ही युक्ती अरविंद गुप्तांची. पुण्यात टेल्कोत ट्रक बनवणारा हा इंजिनिअर १९७८मध्ये रजा काढून होशंगाबाद जिल्ह्यात विज्ञान शिकवायला गेला, तिथे ती सुचली. आपण मात्र पालकांना स्टेशनरीच्या दुकानी रांगेत उभं करतो. माझं मत सरळ आहे: विकतच्या प्रकल्पाला शून्य गुण द्या, आणि तेही पालकांना.