एका पेटीतला वाद्यवृंद

गणेशोत्सवाच्या मंडपात रंगमंचाच्या कडेला एकच वादक बसलेला असतो आणि त्याच्या बोटांखालून कधी बासरी, तर कधी व्हायोलिनांचा सारा ताफा ऐकू येतो, हे आपण पाहिले असेलच. हे सूर यंत्राने घडविलेले नसतात. खऱ्या वादकाने वाजविलेला एकेक सूर मुद्रित करून यंत्राच्या स्मृतीत ठेवलेला असतो. पट्टी दाबली की तो उमटतो. इंग्रजीत यास ‘सॅम्पल’ म्हणतात. ‘नमुना’ हा प्रतिशब्द बिनचूक खरा, पण मराठीत नमुना म्हटले की माणसेच डोळ्यांपुढे येतात!

१९६३ साली बर्मिंगहॅम येथे निघालेल्या मेलोट्रॉन वाद्यात प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असे. पट्टी दाबून धरली तरी सुमारे आठ सेकंदांत सूर संपे. पुढे १९७९ मध्ये सिडनीच्या फेअरलाइट यंत्राने सूर फितीऐवजी अंकांत साठविला. मेलोट्रॉनची अडचण मला तर उपकारकच वाटते, कारण बासरीवाल्याचा श्वासही संपतोच. आजच्या यंत्रातील बासरी तासभर न थांबता वाजू शकते, आणि तेथेच सोंग उघडे पडते.

तेव्हा आपल्या घरी कोणी हे वाद्य शिकत असेल, तर त्यास सांगावे की बासरीचा सूर निवडल्यावर चार पट्ट्या एकदम दाबू नयेत आणि ओळीअंती श्वासापुरते थांबावे. जोराने वाजविलेला सूर हळू वाजविलेल्या सुराहून केवळ मोठा नसतो, त्याची जातच निराळी असते. म्हणून चांगल्या यंत्रात एकाच सुराची अनेक मुद्रणे असतात व बोटाच्या आघातावरून त्यांतील एक निवडले जाते. सर्वत्र सारखाच ठोका दिल्यास ती सारी समृद्धी वाया जाते. मींड मात्र पट्टीत नसते. हार्मोनियमवर १९४० साली रेडिओने बंदी घातली, त्यामागे हाही आक्षेप होता. येथे निदान डाव्या हाताशी सूर वाकविणारे चाक असते. ते जपून फिरवावे.

आता पोटापाण्याचा प्रश्न. मुंबईच्या चित्रपटसंगीतात एकेकाळी व्हायोलिनवादकांच्या रांगाच्या रांगा बसत. त्यांत गोमंतकीय पुष्कळ. या यंत्रांनी त्या रांगा विरळ केल्या. यंत्र नाकारा असे मी म्हणणार नाही. लहान गावच्या मंडळास वीस वादक कोठून परवडणार? तथापि जमाखर्च मांडताना एका तरी व्हायोलिनवादकाचे मानधन धरावे. एक खरे व्हायोलिन पुढे असले की मागची यंत्रातली बाराही अधिक खरी वाटतात, हे ध्वनिमुद्रकांना चांगले ठाऊक आहे.