पाखराचा फोटो आणि लागणीची तारीख

सभासद बंधू-भगिनींनो,

हल्ली शेतात एखादे वेगळे पाखरू दिसले, की आपली तरुण मंडळी आधी मोबाईल काढतात. फोटो चार ठिकाणी फिरतो आणि आठ दिवसांनी तो कुणाच्या फडातला, कधीचा, हे कुणालाच सांगता येत नाही. वडीलधारे याला रिकामा उद्योग म्हणतात. मला तसे वाटत नाही. फोटो जरूर काढा. पण लागणीची नोंद देता तशी त्याचीही नोंद ठेवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच देतो. रानपिंगळा म्हणून एक छोटे घुबड आहे. १८८४ नंतर त्याचा खरा नमुना कुणाला मिळाला नव्हता. माइनर्टझागेन नावाच्या इंग्रज कर्नलने १९१४ साली गुजरातेत मांडवीला एक मिळवल्याचे दाखवले होते. तपासणीत निघाले काय, तर जुनाच नमुना संग्रहालयातून चोरून त्याला नवी चिठ्ठी लावलेली! जागा खोटी, साल खोटे. पामेला रासमुसेन आणि त्यांच्या दोन साथीदारांनी ती नोंद बाजूला सारली, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धरल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याला, शहाद्याजवळ, भर दिवसा झाडावर बसलेला रानपिंगळा पाहिला. ११३ वर्षांनी! फोटो आणि चित्रफीत हाती होती, म्हणून पुढे वाद राहिला नाही.

लागणीची तारीख मागची टाकून तोड लवकर मिळवू पाहणारे आपल्यातही आहेत. नावे घेत नाही. त्यापायी कच्चा ऊस गव्हाणीत जातो, उतारा पडतो, आणि ज्याचा ऊस खरा पिकला तो बिचारा तोडीची वाट बघत बसतो. खोट्या चिठ्ठीने पाखराचा शोधही असाच भलतीकडे जातो.

तेव्हा फोटोबरोबर गाव, शिवार, तारीख, वेळ, पाखरू उसात होते की बांधावर की पाटाच्या पाण्यात, एकटे की थवा, एवढे लिहावे. फोटो पुसट आला तरी चालतो, चोच आणि पाय दिसले म्हणजे पुष्कळ झाले. ई-बर्डवर ही नोंद फुकट करता येते.

घरट्याचे मात्र उलटे आहे. तिथे जागा कुणाला कळवू नये, फोटोसाठी फांद्या बाजूला करू नयेत, पिल्लू हातात घेऊन तर मुळीच उभे राहू नये. घुबडांची अंधश्रद्धेपायी चोरटी विक्री होते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना पकडणे गुन्हा आहे. शिवाय आपल्या उसाची कांडी कुरतडणारा उंदीर हेच गव्हाणी घुबडाचे मुख्य खाणे, हे काय वेगळे सांगायचे?

तोडीच्या वेळी फडात घरटे सापडल्यास मुकादमाला सांगून तेवढ्या चार सऱ्या शेवटी तोडायला ठेवाव्यात. टोळी कुरकुर करील. तसे झाले तर गट ऑफिसला कळवा, चिटबॉयला लगेच पाठवतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी