तोंड आले आणि महिना गेला

कोणाचे तोंड आले की आपण म्हणतो, उष्णता झाली. जाईचा पाला चघळायचा, ग्लिसरीन लावायचे. आठवड्यात बरे वाटले तर प्रश्नच मिटला. पण महिना उलटूनही भाकरीचा घास जाईना आणि पुढे छातीवर, पाठीवर पाण्याचे फोड उठून फुटू लागले, तर ती उष्णता नव्हे. तो पेम्फिगस असू शकतो.

याला नागीण समजून मंत्रवायला नेऊ नका. नागीण बहुधा अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्याने उठते. पेम्फिगसचे फोड कुठेही उठतात, लगेच फुटतात आणि जागा सोलल्यासारखी उघडी पडते. रोगाशी लढणारी शरीराची शक्तीच चुकून कातडीच्या पेशींचे सांधे तोडू लागते. म्हणून हा आजार शिवल्याने होत नाही. रोग्याचे ताट वेगळे काढू नका. वेगळ्या ताटाचे दुःख आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको!

पाश्चात्त्य देशांत हा रोग बहुधा पन्नाशी-साठीत होतो; आपल्याकडे चाळिशीच्या आसपासची, घरची कमावती माणसे अधिक सापडतात. ब्राझीलच्या खेड्यांत याचाच एक भाऊबंद शेतावर राबणाऱ्यांत आढळतो. तिथे त्याला ‘रानटी आग’ म्हणतात.

१९५० पूर्वी, स्टिरॉइड नसताना, बहुतेक रोगी दगावत. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८०च्या दशकात महिन्यातून एकदा, सलग तीन दिवस शिरेतून मोठा डोस देण्याची पद्धत आणली. ती देशभर गेली. आता रिटुक्सिमॅब हे इंजेक्शनही आहे; अमेरिकेत त्याला २०१८ साली या रोगासाठी मान्यता मिळाली.

घात होतो तो मध्येच. जखमा सुकतात, तोंड सुजते, आवणी तोंडावर येते आणि गोळ्या बंद होतात. स्टिरॉइड एकाएकी सोडणे जिवावर बेतू शकते. मुरबाडहून एस.टी.ने कल्याण, शहापूरकरांना आसनगाव, मग लोकलने शीव, केईएम किंवा जे. जे. रुग्णालय, दिवसाची मजुरी बुडते, खरे आहे. तारीख चुकणार असेल तर गोळ्या संपण्याआधीच कागद घेऊन शहापूरचे किंवा मुरबाडचे सरकारी रुग्णालय गाठा. ताप आला, जखमेत पू झाला, तर मात्र थांबू नका.

आणि चादर अंगाला चिकटत असेल तर परसातले केळीचे पान उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन अंथरा. रुग्णालयांतही हा उपाय केला जातो. पान रोज नवे घ्यावे.